शिवला का?

मंदाकिनीबाईंनी लाटण्याचं एक टोक ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडावर टेकवलं, दुसरं उजव्या कानाशी धरलं आणि डोळे मिटले.

*

मंदाकिनीबाईंच्या नवऱ्याच्या दहाव्याला कावळा बराच वेळ शिवला नाही. ओंकारेश्वराच्या मागे, नदीकाठी, माणसं पिंडापासून लांब सरकून उभी होती. आईला सांभाळीन, कारखाना बंद करणार नाही, बाबांच्या नावाची पाटी काढणार नाही, असं सलिलने एकेक सांगून पाहिलं. कावळा समोरच्या पत्र्यावर बसून राहिला. मंदाकिनीबाई घरी होत्या. मेलेला माणूस कावळ्याबरोबर निरोप पाठवतो यावर त्यांचा विश्वास नव्हता. जिवंतपणी रंगनाथरावांनी कुणाचा निरोप कधी धड पोचवला नव्हता.

*

धायरीच्या नव्या शेडला पोटमाळा नाही.

*

पॅकिंग करणाऱ्या शंभूने दाभण आयुष्यात पाहिलेलं नाही. पोतं शिवायची ती जाड सुई त्याच्या हातात दिली तर तो तिने दात कोरेल.

*

‘स्केल’ हा शब्द सलिल इतक्या वेळा उच्चारतो की मंदाकिनीबाईंना शाळेतली फूटपट्टी आठवते. फूटपट्टीने निदान कुणाच्या तरी हातावर मारता यायचं.

*

चांगला ट्रान्सफॉर्मर घुमतो. वाईट कुरकुरतो. माणसांतही हाच फरक असतो. फक्त घुमणारी माणसं मंदाकिनीबाईंना अजून भेटायची होती.

*

“हा,” डोळे न उघडता त्या म्हणाल्या.

बटण बंद करून त्यांनी तो पीस वायरीला धरून उचलला, मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तसा, आणि स्टूलवरून वाकून पोटमाळ्याच्या जमिनीतल्या झडपेतून खाली पाहिलं. झडपेखाली सगळा कारखाना होता: वेणूबाईंचं तार गुंडाळायचं वाइंडिंगचं मशीन, भीमरावांचं लोखंडी पट्ट्या बसवायचं टेबल, वार्निशचा डबा, भट्टी, आणि मागच्या बाजूला, वरून न दिसणारा, पॅकिंगचा कोपरा. माल दोरीच्या टोपलीतून वर यायचा आणि बाईंच्या कानाखालून गेला की खाली जायचा. बुधवार पेठेतल्या त्या बोळात तीस वर्षं हेच चाललं होतं. रंगनाथरावांचे कान पट्ट्या कापायच्या प्रेसच्या आवाजाने कामातून गेले, तेव्हा बाईंनी घरून लाटणं आणलं आणि त्या स्टूलवर बसल्या. तेव्हापासून त्या स्टूलवर दुसरं कुणी बसलेलं नव्हतं.

“भीमराव, हा तुमचा. बोल्ट सैल. हात म्हातारा झाला का?”

“हात जुना आहे, वहिनी. म्हातारा नाही,” खालून भीमराव म्हणाले. वर न बघता.

“जुन्या बाजारात हाच फरक सांगून विकतात.”

टोपली खाली गेली. खालून शंभूचा आवाज आला, नेहमीसारखाच मोठा.

“शिवला का?”

“शिवला!” वेणूबाई म्हणाल्या.

आणि पॅकिंगची गडबड सुरू झाली. बाईंना तो ओरडा आवडत असे. माल गोणपाटात घालायचा, सुतळीने तोंड शिवायचं, मग टेम्पो. ही रंगनाथरावांची पद्धत होती आणि त्यांच्या पद्धतींपैकी एवढी एकच बाईंना पटलेली होती. गुडघ्यांमुळे त्या पुढच्या जिन्याने थेट वर येत आणि थेट घरी जात. पॅकिंगच्या कोपऱ्यात जाऊन बघायचं काय? ती हमाली.

*

पोटमाळ्याच्या भिंतीवर निकिताने रंगीत कागद चिकटवले होते. वाइंडिंग, पट्ट्या, वार्निश, भट्टी, काकू, पॅकिंग. मध्ये बाण.

निकिता सलिलने आणलेली सल्लागार होती. छोट्या धंद्यांना मोठं होण्यासाठी तयार करणं, हे तिचं काम. आधी लाडू करणाऱ्या एका बाईंना तिने तयार केलं होतं. त्या बाईंचे लाडू आता विमानतळावर मिळतात आणि कुणाच्याही लाडवांसारखे लागतात. मंदाकिनीबाईंनी हे निकिताला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. निकिताने ते लिहून घेतलं, त्यामुळे बाईंची पंचाईत झाली. टोमणा लिहून घेणाऱ्या माणसाला पुढे काय बोलणार?

“आपलं शास्त्र भारी आहे हो,” भिंतीकडे बघत त्या आज म्हणाल्या. “मागे डिंक आहे म्हणून टिकून आहे.”

“आई, प्लीज,” सलिल म्हणाला. तो त्यांचा मुलगा. कारखाना आता त्याच्या नावावर होता, स्टूल तेवढं नव्हतं. “चाकणच्या कंपनीची माणसं पुढच्या आठवड्यात येतायत. ऑर्डर मिळाली तर आपण धायरीला जातो, नाही मिळाली तर इथेच सडतो. आणि त्यांचा सगळा प्रश्न एकाच गोष्टीवर अडलाय.”

“कोणत्या?”

“दर लॉटमध्ये एक पीस खराब निघतो. दर लॉटमध्ये.”

“निघतो कसला. मी काढते.”

“तेच विचित्र आहे, काकू,” निकिता म्हणाली. “लॉट छोटा असला तरी एक. मोठा असला तरी एकच. चुका अशा शिस्तीत होत नाहीत.”

“आमच्याकडे सगळंच शिस्तीत होतं.”

निकिता हसली नाही. “याचं कारण हवंय त्यांना. कारण सापडलं नाही, तर आपल्या कामावर आपलाच ताबा नाही असा अर्थ होतो.”

“कारण मी सांगते ना. त्यासाठी डिंक नको.” बाईंनी लाटण्याचं टोक झडपेकडे केलं. “कारण खाली बसलंय. चष्मा लावून. दुपारच्या सुट्टीत पेपरातला अग्रलेख वाचतं आणि संध्याकाळी येरवड्याला घरी जातं. पट्ट्या कोण बसवतं? भीमराव. बोल्ट कोण आवळतं? भीमराव. मग सैल कोणाचे राहतात, माझे?”

निकिताने कागदावर काहीतरी लिहिलं, मग खोडलं.

“धायरीला त्यांना नेऊ नकोस,” बाई म्हणाल्या. “नवी जागा, नवी माणसं घे. तुझा शब्द काय तो, स्केल. मोठ्या जागेत मोठ्या चुका करतील.”

“त्यांना नाही न्यायचं, मग?”

“मी काय वेगळं बोलले?”

सलिलने खिशातून फोन काढला, तो पाहिला नाही, परत ठेवला.

“आणखी एक आहे, आई. धायरीला टेस्टिंगचं मशीन घेतोय. पीस ठेवला की आवाज मोजतं. सैल असेल तर लाल दिवा.”

“आणि माझं स्टूल?”

खाली वाइंडिंगचं मशीन थांबलेलं होतं.

“त्याला कान आहेत का, तुझ्या मशीनला?”

“कानाची गरजच नाही, आई.”

बाईंनी लाटणं मांडीवर आडवं ठेवलं. त्यावर हात ठेवला. मग दुसरा हात त्याच्यावर ठेवला.

“मशीनला सांग,” त्या म्हणाल्या, “तीस वर्षांत दर लॉटमध्ये एक तरी पकडून दाखव म्हणावं. मग माझं स्टूल दे त्याला बसायला.”

झडप उघडी होती.

*

भीमरावांना काढून टाकणार हे शंभूला त्याच दुपारी कळलं.

वेणूबाईंना शंभूच्या आधी कळलं.

भीमरावांनी अग्रलेख पूर्ण वाचला, घडी घातली, आणि पुढच्या लॉटचे बोल्ट आवळायला घेतले. सगळे आवळले. एक ठेवला.

*

दुसऱ्या दिवशी निकिताला सगळं उलटं बघायचं होतं. गिऱ्हाइकापासून सुरुवात करायची आणि तांब्याच्या तारेपर्यंत मागे यायचं. सगळ्यांनी एकत्र. काकूंनीसुद्धा.

“उलटं चालायला भुतं लागतात,” मंदाकिनीबाई म्हणाल्या, पण आल्या. गुडघ्यावर हात ठेवत, मागच्या जिन्याने, एकेक पायरी, सलिलचा हात झिडकारत. आपण नसताना भीमरावांवर काय ठरतंय ते त्यांना ऐकायचं होतं. ठरलं की ते आपल्यामुळे ठरलं, हेही दिसायला हवं होतं.

पॅकिंगचा कोपरा त्यांच्या आठवणीपेक्षा लहान निघाला. भिंतीला लागून पुठ्ठ्याचे खोके, घडी घातलेले. टेबलावर चिकटपट्टीचं यंत्र. शंभूने एक खोका उघडून दाखवला: आत खाचा पाडलेला थर्माकोल, खाचेत ट्रान्सफॉर्मर, वर झाकण, झाकणावर पट्टी. सर्र. चटकन तोडली. त्याला ते यंत्र चालवायला आवडत होतं. त्याने रिकाम्या खोक्यालाही एक पट्टी मारली.

“यात काही अडतं का?” निकिताने विचारलं.

“काय अडणार मॅडम? टेप संपली तर अडतं.”

मंदाकिनीबाई खोक्यांकडे बघत होत्या. मग कोपऱ्यात बघितलं. मग टेबलाखाली.

“आणि शिवता कुठे?” त्यांनी विचारलं.

“काय शिवतो?”

“माल. पोती. सुतळी कुठे आहे? दाभण कुठे आहे?”

शंभूने वेणूबाईंकडे पाहिलं. वेणूबाईंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला, जणू वारा सुटला होता.

“आई, गोणपाट केव्हाच बंद झालं,” सलिल म्हणाला. “बाबा होते तेव्हाच. खोकेच आहेत आता. तुला माहीत नव्हतं?”

“मग रोज ओरडता काय? शिवला का, शिवला का. मी वर ऐकते. रोज.” त्या शंभूकडे वळल्या. “काय शिवतं?”

शंभूचे कान लाल झाले. “मी नाही ठेवला तो शब्द, काकू. आईशप्पथ. मी आलो तेव्हा होताच.”

“काय शिवतं, विचारतेय मी.”

“कावळा,” भीमराव म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. घाई नव्हती.

“पिंडाला शिवतो ना, तसा. तो शिवला की बाकीच्यांनी जेवायचं. शिवला नाही तर सगळे ताटकळत. प्रत्येक लॉटमध्ये एक पीस मी सैल ठेवतो, वहिनी. बाकीच्यांचे बोल्ट दोनदा बघतो, त्याचा सोडतो. तो तुमचा. तुम्ही तो काढता. मग बाकीचा माल जातो.”

“काकूंचा,” शंभू पुटपुटला. “आम्ही त्याला काकूंचा म्हणतो.” आणि आपण हे का बोललो हे न कळून त्याने हातातली टेप टेबलावर ठेवली.

“जाणूनबुजून?” निकिताने विचारलं.

“मॅडम, चुकून इतकं नेमकं जमत नाही.”

“पण का?”

“नाहीतर जात नाही.”

“साहेब गेल्यानंतरचा पहिला लॉट आठवतोय का, काकू?” वेणूबाई एकदम बोलल्या. आवाज चढलेला, आणि त्यालाच घाबरलेला. “एकही खराब नव्हता. तुम्ही म्हणालात, शक्यच नाही. ह्या लोकांच्या हातून सगळं चांगलं होणं शक्यच नाही. आठवडाभर माल वर अडकवून ठेवलात. मला सगळं वाइंडिंग उकलून परत करायला लावलंत. माझी बोटं फाटली होती. मग भीमरावांनी एक सैल ठेवला. तुम्ही तो पकडलात आणि त्याच दिवशी सगळा माल पास केलात. खुशीत होतात. आम्हाला चहा सांगितलात.”

चहा सांगितल्याचं बाईंना आठवलं. बाकीचं आठवलं नाही.

“आणि शब्द कोणी ठेवला?” त्यांनी विचारलं. आवाज कोरडाच होता.

“मी,” भीमराव म्हणाले. “आमच्याकडे पिंड नाही, कावळा नाही. पण शिवणं आणि न शिवणं, याची माहिती आमच्या घरात पुरेशी आहे.”

सलिल स्वतःच्या बुटांकडे बघत होता. निकिताची पेन्सिल कागदावर टेकलेली होती, हलत नव्हती. इतक्या दिवसांत बाईंनी तिला पहिल्यांदाच काही न लिहिताना पाहिलं.

“काल वर आम्ही बोलत होतो ते ऐकलंत तुम्ही,” सलिल भीमरावांना म्हणाला. “तुम्हाला काढायचं चाललं होतं. तेव्हा तरी सांगायचं.”

भीमरावांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

“विचारलं कुठे कोणी?”

काकबळी. मंदाकिनीबाईंच्या मनात शब्द आला तो असा आला. श्राद्धाच्या दिवशी पानावर पहिला घास बाजूला काढतात, तो. नंतर त्यांच्या लक्षात आलं की खाली बसून ही माणसं इतकी वर्षं तोच शब्द म्हणत असणार, फक्त एका उकाराच्या फरकाने: काक नाही, काकू. कोटी चांगली होती. दुसऱ्या कुणावर असती तर त्या हसल्या असत्या.

त्यांनी शंभूने बंद केलेल्या खोक्यावर अंगठा फिरवला.

“टेप वाकडी आहे,” त्या म्हणाल्या, आणि जिना चढू लागल्या. या वेळी सलिलने हात पुढे केला नाही.

*

वर भिंतीवरचा ‘काकू’ लिहिलेला कागद एका कोपऱ्याने सुटला होता. त्यांनी तो दाबून बसवला. तो पुन्हा सुटला. डिंकाबद्दल त्यांचं मत बरोबर होतं, आणि आज ते कुणाला सांगावंसं वाटलं नाही.

टोपली वर आली. कालच आवळलेला लॉट. एरवी या वेळी शंभू हिंदी गाणं म्हणत असे, सुरात नसलेलं, आणि बाई त्याला वरून गप्प करत.

त्यांनी पहिला पीस जोडला. लाटणं टेकवलं. घुमला. दुसरा. घुमला. तिसरा. प्रत्येक वेळी त्या नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबल्या. आणि प्रत्येक वेळी लोखंडाच्या आतून तोच एकसारखा, भरीव, कंटाळवाणा घूं आला, ज्यात नावं ठेवायला जागा नव्हती. इतकी वर्षं हा आवाज कानाशी येत होता आणि त्या फक्त तो मोडतो कुठे तेवढं ऐकत होत्या. मग कुरकुर आली. अगदी उघड. लाटणं कानाशी न धरताही ऐकू आली असती. शेजारच्या दुकानदारालाही.

इतका सैल ठेवायचे?

त्यांनी बटण बंद केलं. पीस हातात घेतला, वायरीला धरून नव्हे.

“भीमराव.”

“बोला, वहिनी.”

“पाना वर पाठवा.”

खाली खुर्ची सरकली. थोडा वेळ गेला. टोपली वर आली, तिच्यात एकच पाना, मुठीपाशी वर्षानुवर्षांच्या हाताने गुळगुळीत झालेला. बाईंनी बोल्टला पाना लावला. तो घसरला. पुन्हा लावला. कोणत्या बाजूला फिरवायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. आधी तो आणखी सैल झाला. विचारावं म्हणून त्या झडपेकडे वाकल्या. खाली भीमराव उभे होते, मान वर करून. त्यांनी उजवा हात हवेत उचलला आणि मनगट वळवलं. एकदाच.

बाईंनी तसं वळवलं. चारही बोल्ट. शेवटच्याला दोन्ही हात लागले, आणि बोटांवर वार्निश आलं.

बटण. लाटणं. डोळे.

घूं.

सगळे पीस त्यांनी टोपलीत भरले, तोही त्यांच्यातच. कुठला तो, हे आता त्यांनाही सांगता आलं नसतं. वर पाना ठेवला. मग पान्याशेजारी लाटणं ठेवलं. आणि दोरी सोडता सोडता झडपेतून खाली, पॅकिंगच्या कोपऱ्यापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या:

“शिवला!”

टोपली खाली टेकली.

“आणि टेप सरळ लावा.”

*

दहाव्याला कावळा शिवला तो भीमरावांच्या शब्दावर. सगळ्यांच्या मागे उभे राहून ते म्हणाले होते, वहिनींचं स्टूल कधी रिकामं राहू देणार नाही.